मामंजींची सही

माझे सासरे कुलूपवाले. चौकातल्या एवढ्याशा दुकानात बसून लोकांची अडलेली कुलपं उघडायची आणि हरवलेल्या किल्ल्या करून द्यायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. दार ओढलं गेलं आणि माणूस बाहेर अडकला, की त्याला बायकोच्या आधी मामंजी आठवतात. हो, मी त्यांना मामंजीच म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही, पण सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि सासूबाईंचा शब्द मोडायची छाती आमच्या घरात कुणाची नव्हती. तर अशा माणसाचा स्वतःचा बँकेतला लॉकर उघडेना. कुलूप बिघडलं होतं का? छे! कुलूप बिचारं शहाण्यासारखं होतं.

झालं असं, की चौकातला रस्ता रुंद व्हायचा होता. रस्त्यात येणारी दुकानं पाडणार आणि ज्यांच्याकडे दुकान मिळाल्याचा मूळ कागद आहे, त्यांना नव्या इमारतीत गाळा देणार. झेरॉक्स चालणार नाही. शुक्रवारपर्यंत मूळ कागद पालिकेत दाखवा, नाहीतर गाळा विसरा. मूळ कागद लॉकरमध्ये. लॉकर मामंजींचा आणि सासूबाईंचा, दोघांच्या नावावर. सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यानंतर मामंजी घरात जेवायला आणि झोपायला येत, बाकी सगळा दिवस दुकानात. तिथे गिऱ्हाईक असो नसो, कानस हातात घेऊन काहीतरी घासत बसत. माझा नवरा म्हणायचा, बाबांना आता आराम करू दे. मी म्हणायचे, अहो, दुकान गेलं तर हा माणूस चार महिन्यांत वाळून जाईल. मला ते स्वच्छ दिसत होतं.

म्हणून सोमवारी मी औषधाच्या दुकानातून सुट्टी काढली. मी तिथे काउंटरवर असते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते, तेव्हा अक्षराच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. मामंजींना घेऊन बँकेत गेले. लॉकरचं काम बघणारे एक साहेब आहेत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. मी त्यांचं नाव लॉकरसाहेब ठेवलंय. सासूबाईंचं नाव खात्यातून कमी करायला त्यांनी एक दिवसही घेतला नव्हता, त्यामुळे मला वाटलं, माणूस कामाचा आहे.

मामंजींनी वहीत सही केली. लॉकरसाहेबांनी एकदा सहीकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे.

"सही जुळत नाही."

"कशाशी?" मी विचारलं.

"नमुना सहीशी. खातं उघडताना दिलेली असते ती."

"दाखवा बघू."

"दाखवता येत नाही. गोपनीय असते."

"अहो, त्यांचीच सही त्यांच्यापासून गोपनीय?"

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. लॉकरसाहेबांनी नाइलाजानं पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर एक पांढरा चौकोन होता. कोपऱ्यात टाचणीचा गंजका डाग. बाकी कोरं.

"इथे तर काहीच नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच जुळत नाही," लॉकरसाहेब शांतपणे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळूहळू उलगडा झाला तो असा, की पूर्वी सगळ्या गिऱ्हाइकांच्या सह्या जाड कार्डांवर होत्या. मग ती कार्डं कॉम्प्युटरात भरायचं ठरलं, आणि भरणाऱ्यानं मामंजींचं कार्ड पालथं घातलं. गेली कित्येक वर्षं बँकेच्या लेखी मामंजींची सही म्हणजे एक कोरा चौकोन आणि टाचणीचा डाग.

"म्हणजे चूक तुमची."

"चूक सिस्टीमची," ते म्हणाले. मग जरा पुढे झुकून, अगदी आपुलकीनं सांगू लागले, "मी यावर विचार केलाय बरं का. यांनी सहीच्या जागी काहीच लिहिलं नाही, तर खरं म्हणजे जुळेल. पण मग सही नाही म्हणून नोंद अपुरी राहते."

त्यांनी खरंच विचार केला होता हो! तोंडावर अगदी प्रामाणिक दुःख होतं.

"बघा, पुन्हा एकदा करून बघा," ते मामंजींना म्हणाले. मामंजी भिडस्त. कुणी पेन पुढे केलं तर नाही म्हणवत नाही. मी 'थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी दुसरी सही ठोकलीसुद्धा. लॉकरसाहेबांनी ती कोऱ्या चौकोनाशी काळजीपूर्वक ताडून पाहिली आणि मान हलवली. "दोनदा जुळली नाही. तिसऱ्यांदा जुळली नाही तर लॉकरला सील लागतं आणि प्रकरण मुख्य कचेरीत जातं. तिथून यायला सहा महिने तरी धरा."

"आणि शुक्रवारचं काय?"

"शुक्रवारी आम्ही चारपर्यंत उघडे असतो."

बोला आता! मी मामंजींकडे पाहिलं. ते लॉकरच्या खोलीच्या दाराकडे बघत होते, ते लोखंडी दार, त्याचं ते भलंमोठं कुलूप. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय आहे. घरी माझा नवरा नंतर म्हणालाच, "बाबा, तुम्ही तर तो लॉकर डोळे मिटून उघडाल." त्यावर मामंजी असे काही चिडले! "परवानगी मिळाल्याशिवाय मी उभ्या जन्मात कुलपाला हात लावला नाही. आज माझ्याच कुलपाला लावू?"

पण बँकेत घोडं पुढे अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मूळ कार्ड सापडलं तर चूक दुरुस्त करता येईल, असं लॉकरसाहेबांनीच कबूल केलं. कार्ड होतं मागच्या लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली आधीच्या साहेबांबरोबर बदली होऊन गेली होती.

"मग किल्लीवाला बोलवा की!"

"वाटेल तो बोलवता येत नाही. मंजूर यादीतलाच लागतो." त्यांनी यादी उघडली, बोट खाली सरकवत आणलं आणि थांबले. चष्म्यावरून मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी संकोचून नमस्कार केला.

यादीत एकच नाव होतं. कुणाचं ते सांगायला नको.

"यांना काम देता येणार नाही," लॉकरसाहेब म्हणाले. "यांची सही वादात आहे."

तेव्हा मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून मॅनेजरबाई केबिनमधून बाहेर आल्या. बाई खमक्या. त्यांनी आधी मला पाणी पाजलं, मग सगळं ऐकून घेतलं, मग कळलं की त्याच कपाटात तपासणीचे कागदही अडकलेत आणि तपासनीस येत्या आठवड्यात येणार आहेत. एकदम त्यांना आमची कणव आली. "उद्या सकाळी या, काका," त्या मामंजींना म्हणाल्या. "हत्यारं घेऊन."

मंगळवारी मामंजींनी कपाट उघडलं. वेळ लागला. कुलपात कुणीतरी भलतीच किल्ली घालून मोडली होती, तो तुकडा काढता काढता मामंजींचे हात कोपरापर्यंत काळे झाले. दार उघडल्यावर मॅनेजरबाई खूश होऊन म्हणाल्या, "बिलावर सही करा, काका, पैसे घेऊन जा." लॉकरसाहेब खाकरले. "मॅडम, सही जुळणार नाही."

"राहू द्या," मामंजी म्हणाले. "फुकट केलं असं समजा."

"फुकट असेल तर सही लागत नाही," लॉकरसाहेब म्हणाले. नियम त्यांच्या जिभेवर नाचत असतात.

मग कार्ड निघालं. टाचणीचा डाग असलेली बाजू लॉकरसाहेबांनी जिंकल्यासारखी आम्हाला दाखवली आणि कार्ड उलटं केलं. तिथे मामंजींचं नाव होतं. गोल, सुबक, ठाशीव अक्षर. खाली एक लांब रेघ आणि रेघेच्या टोकाला खाली वळलेले दोन छोटे दाते.

मी ते अक्षर पाहिलं आणि कार्ड आणखी जवळ ओढलं. डॉक्टरांची लावते मी, हे कसं ओळखू येणार नाही? आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर हेच अक्षर आहे. अजून पुसलेलं नाही मी.

आमच्या घरात सगळ्या सह्या सासूबाई करायच्या. त्यात लपवाछपवी काही नव्हती. मामंजींचे हात सदा काळे, ग्रीस नाहीतर लोखंडाचा कीस. कागदाला हात लावला की कागदावर पाच बोटं उमटायची. "लांब व्हा, हात लावू नका," असं म्हणत सासूबाई कागद ओढून घ्यायच्या, पदराला पेन पुसायच्या आणि मामंजींचं नाव लिहून टाकायच्या. बँकेचा माणूस खातं उघडायचा फॉर्म घेऊन घरी आला होता तेव्हाही तेच झालं असणार. पुढे चेकवर आणि लॉकरच्या वहीत त्या स्वतःच्या नावानं सही करायच्या, म्हणून तो कोरा चौकोन इतकी वर्षं कुणाला दिसलाच नाही. मामंजी दुकानाच्या पावत्यांवर स्वतःचा एक गिचमिड फराटा मारायचे, तेवढाच. लग्नानंतर आपण सरकारी कागदावर कधी सही केली होती, हे त्यांना आठवतही नव्हतं.

"आता बघा," लॉकरसाहेब कार्ड झळकावत म्हणाले, "आमची चूक आम्ही सुधारली. आता सही जुळत नसेल तर ती तुमची चूक."

मी म्हटलं, सरळ खरं सांगून मोकळं व्हावं. "साहेब, ही सही मुळात यांची नाही. माझ्या सासूबाईंनी…"

लॉकरसाहेबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. खरंच ठेवले! "हे मी ऐकलेलं नाही. दुसऱ्यानं सही केली असेल तर खातंच खोटं ठरतं. मग लॉकर, खातं, सगळंच बंद करावं लागेल. तुम्ही काही बोललाच नाहीत." मग हात काढून दबक्या आवाजात म्हणाले, "शुक्रवारपर्यंत या आणि नीट सही करा. जशी इथे आहे तशी. अजून एक संधी आहे."

म्हणजे काय झालं बघा. मामंजींनी स्वतःच्या हातानं केलेली सही खोटी, आणि त्यांनी कधीच न केलेली खरी. आता त्या सहीची नक्कल करायची, तीही साहेबांसमोर बसून, आणि साहेब म्हणणार, वा, आता कसं खरं वाटतंय! मी घरी येईपर्यंत हसावं की रडावं या विचारात होते.

सहीचा नमुना घरात कुठे मिळणार? माझ्या नवऱ्यानं माळ्यावरून स्वतःची शाळेची प्रगतिपुस्तकं काढली. पालकाची सही, दर सहामाहीला, तीच गोल आणि सुबक. नवरा ती बघतच राहिला.

"अगं, मला एकदा गणितात भोपळा मिळाला होता," तो म्हणाला. "मी बाबांची सही स्वतःच ठोकली. आईनं एका नजरेत पकडलं. मी इतकी वर्षं समजत होतो, आईला बाबांची सही काय पाठ आहे!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मामंजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी ते पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं.

त्या दिवसापासून मामंजी सही गिरवायला बसले. जेवणाच्या टेबलावर, समोर प्रगतिपुस्तक. बोटं जाड, सवय कानशीची, पेन धरलं तर मोडेल अशी पकड. अक्षर कधी फुगायचं, कधी पडायचं. माझी मुलगी पहिलीत आहे, ती शेजारी बसून आपला गृहपाठ करायची आणि मध्येच मान वळवून म्हणायची, "आजोबा, रेघेवर लिहा ना." बुधवारी संध्याकाळी मामंजींनी पेन टेबलावर आपटलं.

"मला नाही येत तिच्यासारखं," ते म्हणाले. "सही माझी, नाव माझं, आणि ते लिहायला मला ती पाहिजे. ती असती तर बसल्या जागी करून टाकली असती आणि वर म्हणाली असती, लांब व्हा."

त्यांचा आवाज फुटला. मलाही भरून आलं. सासूबाईंशी माझं फार गुळपीठ होतं असं नाही, भांडी वाजायचीच. पण त्या क्षणी मला वाटलं, त्यांनी दारातून आत यावं आणि आम्हा सगळ्यांना एक सणसणीत शब्द ऐकवावा.

गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. मामंजी किल्ल्या कापायच्या मशीनसमोर वाकले होते. जिथे डाव्या बाजूला मूळ किल्ली लावतात आणि उजव्या बाजूला कोरी, तिथे डावीकडे प्रगतिपुस्तकाचं पान चिमट्यात धरलं होतं आणि उजवीकडे पाटीवर कोरा कागद.

"मामंजी, हे काय?"

"मी लिहायला बसत होतो, म्हणून चुकत होतो," ते मान वर न करता म्हणाले. "मला लिहिता कुठे येतं? डुप्लिकेट करता येते. ही बघ." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "आधी पट्टी. मग शेवटचे दोन दाते, ते ठरले की लांबी ठरली. मग ज्या रेघा सगळ्यात वर जातात त्या. मग मधले खळगे. आणि हे दाते बघितलेस? तिनं किल्लीच काढलीय इथे. दर वेळेला. मी कधी बघितलीच नाही."

त्यांनी कागद पुढे केला. मी तो उजेडात धरून पाहिला. अगदी डब्यावरचं अक्षर होतं.

शुक्रवारी सकाळी बँक उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. नवराही रजा टाकून आलेला. लॉकरसाहेबांनी वही पुढे सरकवली. मामंजींनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, एकेक बोट, नखंसुद्धा. मग पेन घेऊन सगळ्यात आधी खालची रेघ मारली.

लॉकरसाहेब दचकले. "हे काय? आधी रेघ? सही अशी करतात?"

"मी अशीच करतो," मामंजी म्हणाले.

मग दोन दाते. मग नावातल्या उभ्या रेघा, नुसत्याच, कुंपणाच्या काठ्यांसारख्या. माझा जीव टांगणीला लागला. नवऱ्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखायला लागलं. मामंजी मात्र दुकानात बसल्यासारखे निवांत, एक खळगा भरला, जरा मान तिरपी करून पाहिलं, दुसरा भरला. शेवटी नाव पुरं झालं. लॉकरसाहेबांनी भिंग काढलं. कार्ड आणि वही शेजारी शेजारी ठेवली, दाते मोजले, गोलाई तपासली.

"हुबेहूब," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, अगदी समाधानानं, "बघा, पहिल्या दिवशीच अशी नीट केली असती तर एवढा त्रास झाला असता का?"

मी ओठ चावून बसले. माझ्या आयुष्यात मी एवढा राग कधी गिळला नसेल.

लॉकर उघडला. कागद निघाला. त्यावरही खाली मामंजींची सही होती, म्हणजे सासूबाईंची, तीच रेघ, तेच दाते. नवरा तो कागद छातीशी धरून पालिकेकडे धावला आणि दुपारच्या आत गाळ्याची पावती घेऊन आला. तिथेही त्यांनी म्हणे त्यांच्या दप्तरातल्या जुन्या सहीशी ताडून पाहिलं, आणि म्हणाले, छान जुळते.

पण बँकेतून आम्हाला लगेच सुटका नव्हती. आम्ही उठतोय तोवर मॅनेजरबाई नवं कोरं कार्ड घेऊन आल्या. झाल्या प्रकाराची त्यांना खरोखर लाज वाटली असावी. "काका, जुनं कार्ड रद्द करतो. तुम्हाला आता जशी सोपी जाईल तशी सही करा. नवा नमुना तोच. यापुढे कुणी काही विचारणार नाही."

मला एवढा आनंद झाला! मी वाकून मामंजींच्या कानात म्हटलं, "मामंजी, मारा तुमचा फराटा. सुटलात एकदाचे."

मामंजींनी पेन घेतलं. मग पेन खाली ठेवलं, रुमाल काढला आणि पुन्हा हात पुसायला लागले.

"अहो, पुसलेत की मघाशी," मी म्हणाले. "स्वच्छ आहेत."

"असू दे," मामंजी म्हणाले आणि त्यांनी आधी खालची रेघ मारली. "डाग पडला तर ओरडेल ती."